मिरगाआधीची खोप : लाकूडफाटा कोरडा ठेवण्याच्या प्रश्नाचा आढावा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत शिरलं, तर घरांच्या मागीलदारी एकाच कामाची घाई दिसते. खळ्यातला मांडव उतरलेला असतो. त्याच्या मेढी आणि वासे भिंतीला टेकवून ठेवलेले. माडाची वाळलेली चुडतं कोयत्याने तोडून भारे बांधलेले, पिडे एका बाजूला, पोयी दुसऱ्या, सोडणांचा ढीग वेगळा. काजूच्या छाटणीच्या फांद्या, वाऱ्याने पडलेली आंब्याची खांदी, कुंपणातला आकेशिया, सगळं फोडून उन्हात पसरलेलं. दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि गडग्यापलीकडून शेजारीण विचारते, "मिरग इलो, लाकडां भुतूर घेतलास काय?"

हे "भुतूर" नेमकं कुठे, हा प्रश्न गेल्या काही दशकांत अवघड होत गेला आहे. घरं बदलली, चुली बदलल्या, लाकूडफाटा मात्र पूर्णपणे गेला नाही. त्याला घराबाहेर, कमी पैशांत आणि चार महिने कोरडी राहील अशी जागा हवी आहे. अशी खोप कशी असावी यावर गवंडी, सुतार, शेतकरी, चुलींवर काम करणारे अभ्यासक आणि रोज ते जळण वापरणाऱ्या बायका यांची मतं वेगवेगळी आहेत. त्या मतांचा आणि त्यांच्यामागच्या कारणांचा हा आढावा.

लाकडं घराबाहेर कशी आली

जुन्या मालवणी घरात लाकडांसाठी वेगळी इमारत नव्हती. स्वयंपाकघराच्या वर माळा असे, चुलीचा धूर त्यातून फिरून नळ्यांच्या फटींतून बाहेर पडे. त्या माळ्यावर किंवा चुलीच्या मागे रचलेलं लाकूड भर आषाढातही सुकत राही. उरलेला साठा पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर जाई. दरवर्षी पावसाआधी घर शाकारताना छपराखालच्या या सगळ्या जागा आपोआप तपासल्या जात. लाकूड कोरडं राहत होतं ते मुख्यतः घरातल्या उष्णतेमुळे. ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची आहे, कारण बाहेरच्या खोपीत ती उष्णता नसते.

स्लॅबची घरं आली, स्वयंपाकघरात फरशी आणि गॅसची शेगडी आली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचण्याचा वेग वाढला. चूल न्हाणीशेजारी किंवा मागीलदारच्या पत्र्याखाली गेली आणि तिच्याबरोबर लाकडंही बाहेर गेली. तरीही तिची कामं संपलेली नाहीत. अंघोळीचं पाणी आजही अनेक घरांत चुलीवरच तापतं. सुगीनंतर उकड्या तांदळासाठी भात उकडायचं असतं, ते काम सिलिंडरवर परवडत नाही. आणि चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी घरी आले की चार माणसांच्या घरात पंधरा माणसं होतात. जळणाची सर्वांत मोठी गरज भाद्रपदात पडते, म्हणजे तीन महिने पाऊस खाऊन झाल्यावर. तारकर्ली-देवबागच्या बाजूला घरगुती निवासाचा व्यवसाय वाढला, तसं पाहुण्यांसाठी चुलीवरचं जेवण हेही एक कारण झालं.

आणखी एक गरज आहे, तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. पावसाळ्यात वाडीत कोणी गेलं तर चितेला कोरडं लाकूड लागतं, आणि ते घराघरांतून गोळा होतं. तीनशे-चारशे किलो कोरडं लाकूड एका संध्याकाळी उभं करायचं, तर वाडीतल्या साठ्यांची अवस्था बरी असावी लागते.

लाकडातलं पाणी

वादात शिरण्याआधी थोडं मोजमाप लागेल. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खर्च होते. नीट वाळलेलं लाकूड किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल देतं. ओलं लाकूड जाळणारा माणूस एका किलोमागे अर्धा किलो पाणी वाहून आणतो आणि मग त्याची वाफ करायला उरलेल्या लाकडातली उष्णता घालवतो. जाळ थंड पडतो, लाकूड पूर्ण जळत नाही आणि धूर होतो. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओलावा नसावा असा नियम आहे. हा आकडा इथेही मोजपट्टी म्हणून वापरता येतो.

पण लाकूड एकदा वाळलं की काम संपलं असं होत नाही. ते भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ८० टक्के आर्द्रतेला तो १६ टक्के होतो, ९० टक्क्यांना २० टक्के, आणि ९५ टक्क्यांना २३-२४. म्हणजे थेंबभर पाऊस न लागताही जुलैमधल्या मालवणच्या हवेत लाकूड त्या २० टक्क्यांच्या रेषेपर्यंत जाऊन पोचतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. नॉर्वे किंवा कॅनडासाठी लिहिलेला सल्ला इथे तसाच का लागू पडत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

लाकूड किती लागतं, याचाही हिशोब मांडायला हवा, कारण खोपीचा खर्च तिच्या आकारावर ठरतो. एका घरात दिवसाला पाच किलो जळण धरलं तर जून ते ऑक्टोबर या दीडशे दिवसांना साडेसातशे किलो होतं. रचलेल्या कोरड्या टणक लाकडाचं वजन घनमीटरमागे चारशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे दोन घनमीटरपेक्षा थोडी कमी जागा पुरते. सहा फूट लांब, तीन फूट खोल आणि चार फूट उंच रास झाली की घराचा पावसाळा निघतो. चुडतं, पिडे आणि सोडणं मात्र हलकी आणि फुगीर असतात, त्यांना दुप्पट जागा धरावी. तरीसुद्धा लोक मनात धरतात त्यापेक्षा खोप बरीच लहान असते. बहुतेक जास्तीचा खर्च गरजेपेक्षा मोठं छप्पर घातल्याने होतो.

उघडी की बंद

या विषयातला मुख्य मतभेद इथे आहे.

एका बाजूचं म्हणणं असं की खोपीला फक्त छप्पर हवं, बाजू मोकळ्या हव्यात. वारा खेळला पाहिजे, म्हणजे लाकूड सुकतं आणि बुरशी धरत नाही. जगभरचा अनुभव या मताच्या बाजूचा आहे. नॉर्वेत लाकूड रचणं ही मनापासून जपलेली कला आहे. लार्स मितिंग यांचं त्यावरचं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि खूप खपलं; २०१३ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने लाकूडफाटा या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. तिकडची खोप म्हणजे मागे फळ्या, त्यांच्यात बोटभर फटी, पुढून सताड उघडी. थंड, कोरड्या वाऱ्याच्या देशात ते बरोबरच आहे.

दुसरी बाजू इथल्या गवंड्यांची आणि बऱ्याच घरमालकांची. तिन्ही बाजूंनी चिऱ्याची भिंत घाला, पुढे दार लावा, वर पत्रा टाका. मालवण किनाऱ्यावर पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. पश्चिम आणि नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झड दीड फुटाच्या पागोळीला जुमानत नाही. उघड्या खोपीतली बाहेरची रांग पहिल्या आठवड्यातच चिंब होते, आणि मग ती ओल आतल्या रांगेत सरकते. हा अनुभव खोटा नाही.

पण बंद खोपीचा दोषही तितकाच खरा. मे महिन्यात घाईने आत टाकलेलं अर्धवट ओलं लाकूड बंद जागेत आपलं पाणी हवेत सोडतं आणि ते पाणी बाहेर जात नाही. ऑगस्टमध्ये दार उघडलं की कुबट वास येतो, लाकडावर पांढरी बुरशी दिसते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, गिलावा नसलेली भिंत पावसात पाणी पिते आणि ते आतल्या अंगाला देते. भिंतीला चिकटवून रचलेली रांग त्यामुळे सर्वांत आधी खराब होते.

दोन्ही बाजू आपापल्या ऋतूबद्दल बरोबर बोलत आहेत. फेब्रुवारी ते मे हवा तुलनेने कोरडी, ऊन कडक आणि दुपारचा खारा वारा भरपूर, तेव्हा लाकूड सुकवायचं असतं. जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेत सुकवण्याची ताकद जवळजवळ उरत नाही, तेव्हा लाकूड फक्त जपायचं असतं. मोकळी खोप पहिलं काम करते, बंद खोप दुसरं. या किनाऱ्यावरच्या खोपीला दोन्ही करावी लागतात.

याला इथलं जुनं उत्तर आहे, आणि ते सगळ्यांत स्वस्तही आहे: झापं. हिरवी चुडतं मधोमध चिरून, पाती एकमेकांत विणून केलेली झापं मिरगाच्या तोंडावर घराच्या झडीच्या बाजूला, पडवीला, गोठ्याला बांधली जात आणि पाऊस सरला की सोडली जात. झापाच्या तिरक्या विणीवरून पाणी घरंगळत खाली जातं, पण हवा थोडी आत-बाहेर होत राहते. लाकडांच्या खोपीला हीच पद्धत लावली, तर उन्हाळाभर बाजू मोकळ्या राहतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम व दक्षिण बाजू झाकल्या जातात. पूर्वेची बाजू उघडी ठेवावी असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. तो मान्य करताना एक लक्षात ठेवायला हवं: मे महिन्याचा वळीव आणि ऑक्टोबरमधला संध्याकाळचा गडगडाटी पाऊस सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडूनच येतो. त्यामुळे पुढच्या बाजूलाही वर गुंडाळता येईल असं एक झाप हवं.

अडचण विणणाऱ्या हातांची आहे. झापं दोन-तीन वर्षांत कुजतात, पुन्हा विणावी लागतात, आणि ज्या घरात आता दोन वयस्क माणसं राहतात तिथे ते कोण करणार? म्हणून निळी ताडपत्री आली. ती पाणी पूर्ण अडवते, पण हवाही अडवते. राशीवर घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीच्या आतल्या अंगाला सकाळी दव धरलेलं दिसतं. दोन पावसाळ्यांत उन्हाने तिचे तुकडे होऊन परसात पडतात, ते वेगळंच. हिरवी शेडनेट दुपदरी करून बांधण्याचा मधला मार्ग काही जण वापरतात, त्यातून झडीचा जोर मोडतो पण तुषार आत येतात. यातलं काहीही वापरलं तरी ते राशीपासून वीतभर दूर टांगायचं, हे मात्र सर्वांना मान्य असलेलं एक सूत्र आहे.

छपराचा वाद

मंगलोरी कौल की पत्रा? १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं किनाऱ्याने वर सरकत कोकणच्या घरांवर चढली. आज घरांवरून ती उतरत आहेत, त्यामुळे जुनी कौलं वाडीवाडीत रचून ठेवलेली सापडतात, अनेकदा फुकट. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात. सहा बाय तीनच्या खोपीला चारही बाजूंनी दीड फूट पागोळी धरली तर छप्पर नऊ बाय सहा फुटांचं, म्हणजे पाच चौरस मीटर होतं. पंचाहत्तर कौलं, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात. या वजनाला चांगले वासे आणि पंचवीस-तीस अंशांचा उतार लागतो. रिपांना पोफळीचं चिरलेलं खोड चालतं.

पत्रा हलका, त्याला लाकूड कमी लागतं, कमी उतारावरही पाणी जातं आणि एका दिवसात काम होतं. खाऱ्या हवेत साधा जस्ती पत्रा लवकर गंजतो, समुद्रापासून जितकं जवळ तितका लवकर. रंगीत लेपाचा पत्रा जास्त टिकतो, पण कापलेल्या कडा आणि हुकांची भोकं इथून गंज शिरतोच. सिमेंटचा पत्रा गंजत नाही म्हणून अनेकांना आवडतो. त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि जागतिक आरोग्य संघटना त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. दुसऱ्याच्या घरावरून उतरलेला असा पत्रा फुकट मिळाला, तरी तो कापू नये, त्याला भोकं पाडू नयेत. धोका धुळीत आहे.

हा वाद मे २०२१ पर्यंत पैशांचा आणि सवयीचा होता. त्या महिन्याच्या १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ला तालुक्यांत घरांची छपरं उडाली, माड-आंबे आडवे झाले, वीज कित्येक दिवस नव्हती. त्या दिवसांत ज्यांच्याकडे चूल आणि कोरडं जळण होतं त्यांचं अन्न शिजलं. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयानने हाच किनारा झोडपला होता. तौक्तेपासून छपराचा प्रश्न उचल कशी रोखायची, असा झाला आहे.

ताशी शंभर किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. पाच चौरस मीटरच्या छपरावर तो सव्वादोनशे किलोंच्या आसपास उचल देऊ शकतो, आणि पुढून उघड्या खोपीत वारा आत शिरून वर ढकलतो तेव्हा त्याहून जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन वीस-पंचवीस किलो. कौलांचं वजन बरंच जास्त, पण तेही पुरत नाही, आणि कौलं एकेक करून उडतात. दोन्ही पक्षांकडे उत्तरं आहेत: कौलवाले कडेच्या रांगा तारेने बांधतात, पत्रेवाले हुकांची संख्या वाढवतात. पण पत्रा वाशांना कितीही घट्ट असला आणि मेढी जमिनीत सैल असल्या, तर सगळं छप्पर मेढींसकट उठतं. कातळावर तर मेढ पुरायला मातीच नसते.

यावर एक सोपा मार्ग अधिक विचारात घ्यायला हवा. लाकडं ज्या आडव्या वाशांवर रचली जातात, त्याच वाशांना मेढी आणि छप्पर तारेने किंवा पट्टीने बांधून घेतले, तर रचलेलं साडेसातशे किलो लाकूडच छपराला खाली धरून ठेवतं. मे महिन्यात, वादळाच्या एका हंगामात, खोप नेमकी भरलेली असते. नोव्हेंबरमध्ये ती रिकामी होत आलेली असते, तेव्हा मात्र दोन-चार चिरे वाशांवर ठेवावे लागतील.

खालची बाजू

इथे मतभेद कमी आहेत. लाकूड जमिनीला टेकता कामा नये. दोन ओळींत चिरे मांडून त्यांवर वासे आडवे टाकले की खालून हवा जाते, वाळवीची वाट उघड्यावर येते आणि तिने बांधलेली मातीची नळी दिसते. एक थर चिरा साधारण अर्धा फूट उंची देतो, दोन थर बरे. देवबागसारख्या वाळूच्या पट्टीवर पावसाळ्यात पाणी वर येतं, तिथे दोन थर हवेतच. उतारावरच्या वाड्यांत खोपीच्या वरच्या अंगाला हातभर रुंद चर काढला नाही, तर गडग्यातून आलेलं पाणी सरळ तिच्याखालून वाहतं. मेढीच्या बुंध्याला जळकं ऑइल लावायची पद्धत सर्रास आहे. ते जमिनीत झिरपतं, आणि ज्या परसात विहीर आहे तिथे ते टाळलेलं बरं. मेढ चिऱ्यावर उभी केली तर त्याची गरजही कमी होते.

बांबूबद्दल मात्र मतं बदलत आहेत. सिंधुदुर्गात माणगा परसापरसात आहे, भरीव आणि बिनकाट्याचा. कच्चा वापरला तर भुंगा एक-दोन वर्षांत त्याचं पीठ करतो, म्हणून मेढीसाठी त्यावर कोणी भरवसा ठेवत नसे. २००४ मध्ये कुडाळला कोकण बांबू आणि केन विकास केंद्र, म्हणजे कॉनबॅक, उभं राहिलं आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवण्याची पद्धत इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आली. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे खाजगी जमिनीवरचा बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. मुरवलेला माणगा छपराखाली कोरडा राहिला तर बरीच वर्षं काढतो. बोरॉनची क्षारं पाण्यात धुऊन जातात, त्यामुळे जमिनीत पुरलेल्या किंवा झडीत उभ्या मेढीला तो उपाय पुरेसा नाही. वासे बांबूचे आणि मेढी ऐनाच्या किंवा लोखंडी पाइपच्या, अशी तडजोड सध्या समंजस दिसते.

साप, गोचीड आणि हात घालणारी बाई

लाकडांच्या खोपीबद्दल पुरुषांशी बोलावं तर छपराबद्दल ऐकायला मिळतं. रोज लाकूड काढणारी बाई फुरश्याबद्दल बोलते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप या जिल्ह्यात आहेत. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, सुक्या पानांच्या रंगाचं, आणि पिड्यांच्या ढिगात दिसत नाही. पहाटे पाणी तापवायला उठलेला हात अंधारातच राशीत जातो.

खोपीची रचना इथे थेट उपयोगाची ठरते. खाली फूटभर मोकळी, स्वच्छ दिसणारी जागा असेल तर सापाला आडोसा मिळत नाही. चिऱ्यांच्या पोकळ्या मातीने बुजवाव्यात. चुडतं-सोडणांचा फुगीर ढीग आणि रचलेली लाकडं यांचे कप्पे वेगळे हवेत, कारण उंदीर ढिगात घर करतात आणि त्यांच्यामागे साप येतो. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, ही सिंधुदुर्गातल्या प्रत्येक पावसाळ्यातली चिंता आहेच. खोपीत एक दिवा, आणि दुसऱ्या दिवसाचं जळण आदल्या संध्याकाळी उजेडात काढून चुलीशी ठेवण्याची सवय, या दोन गोष्टींना जवळपास काही खर्च नाही.

जंगलातून येणाऱ्या जळणाला २०१६ पासून वेगळा धोका जोडला गेला. त्या वर्षी दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात माकडतापाची साथ आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखलेला हा आजार गोचिडींमधून माणसाला होतो. पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला पोचला. जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम, आणि काजू गोळा करण्याचा, पातेरा आणि सरपण आणण्याचाही तोच. आणलेली लाकडं थेट घराला लागून न रचता काही दिवस दूर कडक उन्हात पसरावीत आणि पातेरा घराजवळ साठवू नये, ही सावधगिरी त्या भागात तरी हवीच. मालवणच्या वाड्यांत बहुतेक जळण परसातल्या माडांचं, तिथे हा प्रश्न तितका तीव्र नाही.

खोप हवीच का

काही अभ्यासकांचा आक्षेप मुळालाच आहे. चुलीचा धूर बायका-मुलांच्या फुप्फुसांना काय करतो, हे १९८०च्या दशकात किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत मोजायला सुरुवात केली, तेव्हापासून पुरावा वाढतच गेला आहे. मग जळण साठवण्याची सोय सुधारण्यापेक्षा जळणच सोडवावं, असं हे मत. सिंधुदुर्गात त्याला भक्कम आधार आहे. कुडाळ तालुक्यातल्या झाराप इथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, जिल्ह्यात हजारो बायोगॅस संयंत्रं उभी केली. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे २५ किलो शेण लागतं, म्हणजे दोन-तीन जनावरं. ज्या गोठ्यात ती आहेत, तिथे खोपीचा खर्च संयंत्राकडे वळवणं नक्कीच शहाणपणाचं आहे.

गोठे मात्र रिकामे होत आहेत. आणि माड चुडतं टाकायचा थांबत नाही, काजूची छाटणी करावीच लागते. हे जळण कोणी जंगल तोडून आणलेलं नाही. ते वापरलं नाही तर परसात कुजतं किंवा तसंच पेटवून दिलं जातं. पुण्याच्या 'आरती' या संस्थेसह अनेकांनी सुधारित चुली केल्या, १९८०च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. त्या सगळ्या चुलींची एक अट समान होती: लाकूड बारीक आणि कोरडं हवं. म्हणून चुलीच्या सुधारणेची पहिली पायरी खोप आहे, असं दुसरी बाजू म्हणते. स्वयंपाक गॅसवर आणि पाणी बाहेरच्या चुलीवर अशी वाटणी जिथे झाली आहे, तिथे या दोन मतांत प्रत्यक्षात फारसं भांडण उरत नाही.

लाकूड कुठून येतं, हे मात्र विसरून चालणार नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. खाडीकाठच्या कांदळवनाला २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे, पूर्वी तिथून येणारं सरपण आता बंद आहे आणि तसंच राहायला हवं.

न सुटलेलं

पागोळी किती हवी, झापाला टिकाऊ पर्याय कोणता, खोप घरापासून किती दूर असावी? शेवटच्या प्रश्नावर आग आणि साप सांगतात दूर, पाऊस आणि म्हातारे गुडघे सांगतात जवळ. दहा-बारा पावलांवर, मागीलदारापासून खोपीपर्यंत चिऱ्यांची वाट, हे अनेकांनी गाठलेलं मधलं अंतर आहे. झडीच्या बाजूबद्दलचा वाद मात्र अंदाजांवर चालला आहे. तो मोजून मिटवता येतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

मुळद्याच्या उद्यानविद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी, किंवा एखाद्या हायस्कूलच्या नववीच्या वर्गाने, एका वाडीतल्या उघड्या, बंद आणि झापाच्या अशा तीन खोपी निवडाव्यात. प्रत्येकीत एकाच झाडाची दहा फोडलेली लाकडं खूण करून मधल्या रांगेत ठेवावीत आणि मे ते ऑक्टोबर दर रविवारी ताणकाट्यावर त्यांचं वजन लिहावं. वाचकांपैकी कोणी यंदा खोप घालत असेल, तर त्यांनीही एक लाकूड असंच टांगून ठेवावं. मिरगाला त्याचं वजन किती होतं आणि चतुर्थीला किती भरलं, एवढे दोन आकडे शेजारच्या घराला सांगावेत.